जोडीदाराचा रकाना

४ जानेवारी
प्रशिक्षण केंद्राचं वसतिगृह, खोली ११

अगं,

पस्तीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे वर काय लिहायचं इथेच घोडं अडलं. नावानं हाक मारायची मला सवय नाही. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू पाकीट उलटंपालटं करून पाहिलं असतंस, दुसऱ्याच कुणाचं तर आलं नाही ना म्हणून. तेव्हा 'अगं'च बरं.

फोनच करणार होतो. पण लेक म्हणाली, "बाबा, फोन नको, लिहा. फोनवर तुम्ही आईला बोलू कुठे देता?" आता यात माझी काय चूक? फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस. त्या 'हं'चा अर्थ कुणीतरी लावायला नको? मग मी लावतो.

तुझी पाठ कशी आहे? बरी असणार, तिकडची हवा कोरडी आहे. नात शाळेत रमली का? रमलीच असेल, आपल्यावर गेली आहे.

बातमी लेकीनं सांगितलीच असेल. माझी निवड झाली. परदेशात दोन वर्षं, स्वयंसेवक म्हणून. काम माझंच, लसींचे फ्रीज. तिकडे डोंगरातल्या दवाखान्यांत उन्हावर चालणारे फ्रीज बसवले आहेत. त्यातले निम्मे बंद पडलेत आणि लोक त्यात म्हणे घड्या घालून कपडे ठेवतात. ते चालू करायचे आणि तिथल्या चार-पाच जणांना शिकवून परत यायचं. सत्तावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण नेतंय, असं तुझ्या मनात आलं असेल. नेतात. लस दोन अंशांखाली जाऊ द्यायची नाही, आठाच्या वर जाऊ द्यायची नाही, हे तीस वर्षं सांभाळलेला माणूस काय रस्त्यावर पडलेला असतो?

आता मुद्द्याचं. अर्जात 'जोडीदार' असा एक रकाना होता. जोडीदार सोबत येणार का? त्याखाली, जोडीदाराची संमती आहे का? मी दोन्हीकडे 'होय' लिहिलंय. जोडप्याला दोन खोल्यांचं घर देतात, एकट्याला वसतिगृहात खाट. शिवाय ज्या दवाखान्याशी मला जोडलंय तिथे छोटी प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शक आहे, पण त्यात डोळा घालणारं कुणी नाही. तू इतकी वर्षं रक्त तपासलंस. निवृत्त झाल्यापासून तुझे हात शिवशिवत असणार. तेव्हा तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून आधी विचारत बसलो नाही. फॉर्म भरायची मुदत संपत होती.

सामान माणशी तेवीस किलो. माझ्या बॅगेत नऊ किलो हत्यारंच झाली. तुझी बॅगही मी भरायला घेतली आहे. राखाडी शाल, लोकरी मोजे, तुझा जुना चष्मा, नवा हरवला तर असावा म्हणून. घराला कुलूप लावून आलो, किल्ली शेजारी दिली.

माझ्या खोलीत एक गुरांचे डॉक्टर आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी कुठे असतात?" म्हटलं, लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. ते बाळ आता बालवाडीत आहे हे काही मी बोललो नाही.

प्रशिक्षण सहा आठवड्यांचं. पंधरा फेब्रुवारीला विमान. लगेच लिही.

तुझा,
(हेही पहिल्यांदाच लिहितोय. विचित्र दिसतं.)


१२ जानेवारी

अगं,

तुझं पत्र आलं नाही. टपाल उशिरा पोचत असणार.

इथला दिवस सहाच्या घंटेला सुरू होतो. सकाळी भाषा, दुपारी काम, संध्याकाळी 'वागणूक'. हो, या वयात मला वागणूक शिकवताहेत. शिकवणाऱ्या बाई तिकडच्याच आहेत. आपल्याकडे येऊन वीस वर्षं झाली, आपली भाषा आपल्यापेक्षा स्वच्छ बोलतात. पन्नाशीच्या, ताठ आणि कधीही घाईत नसलेल्या. भाषेत मी ठीक आहे. 'पाणी', 'वीज', 'गरम', 'गार', 'हात लावू नका' एवढं येतं. बाकी काय लागतं मला?

वागणुकीत मात्र मी नापास झालो.

झालं असं. बाई म्हणाल्या, तिकडच्या माणसाला काही विचारलं की तो आधी गप्प राहतो. खाली बघतो. लगेच उत्तर दिलं तर प्रश्न नीट ऐकलाच नाही असं धरतात. म्हणून विचारायचं, आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं. वीस होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मला हसू आलं. वीस म्हणजे काय, फ्रीजचं दार उघडून बंद करायला लागतो तेवढा वेळ.

जोड्या पाडल्या. मला डॉक्टर आले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी, त्यावर त्यांच्या काल्पनिक गावाची माहिती. मी विचारलं, "तुमच्या गावात पाणी कुठून येतं?" आणि मोजायला लागलो. सातपर्यंत गेलो. डॉक्टर आपले खाली बघताहेत. आठव्याला मी म्हणालो, "विहिरीतून येत असेल, नाही का?" डॉक्टरांनी मान हलवली.

बाई म्हणाल्या, "काय कळलं तुम्हाला?"

"पाणी विहिरीतून येतं."

"त्यांनी सांगितलं?"

"मान हलवली की."

"तुम्ही हलवायला लावली," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी दाखवली. झऱ्यातून येत होतं पाणी. सगळा वर्ग हसला. मग डॉक्टरांची पाळी आली. ते वीसच काय, चाळीसपर्यंत गप्प बसले. अर्थात, जन्मभर गाईला 'कुठं दुखतंय गं' विचारून वाट बघत बसायची सवय, ते पहिले येणारच.

बाकी मजेत आहे. जेवण बेताचं. गादी कडक. माझ्या खाटेच्या डाव्या बाजूला भिंत आहे. इतकी वर्षं त्या बाजूला तू झोपायचीस, त्यामुळे मी अजून उजव्या काठावरच अंग चोरून झोपतो आणि भिंतीला जागा सोडतो. डॉक्टर म्हणतात, मिस्त्री, पडाल एक दिवस.

लेकीला फोन केला होता. ती म्हणाली, "आईनं पत्र वाचलं. दोनदा वाचलं." काय म्हणाली, विचारलं, तर म्हणे काही नाही म्हणाली. म्हणजे तुला आवडलं.


१९ जानेवारी

अगं,

एक महत्त्वाचं. संस्थेच्या कचेरीतून बोलावणं आलं. जोडीदार सोबत येणार असेल तर त्याची वेगळी मुलाखत घेतात. मी म्हटलं, घ्या की, मी सांगतो तिच्याबद्दल सगळं. तर तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसायचं. दार बंद. ही काय नवीन तऱ्हा? पण नियम आहे म्हणे. तारीख दहा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा. त्या दिवशी तुझा होकार पक्का झाला तर घर आपलं. नाही तर रांगेत उभं असलेल्या दुसऱ्या जोडप्याला जाईल.

तुला ऐन वेळी सुचत नाही, म्हणून त्या काय विचारतील याचा अंदाज घेऊन मी उत्तरं लिहून पाठवतोय. सोबतचा कागद पाहा. तुम्हाला जायची इच्छा आहे का, असं विचारलं तर सांग, फार वर्षांपासून होती. घरापासून लांब राहायची सवय आहे का? यावर लेकीकडे राहिल्याचं सांगू नकोस. नुसतं 'आहे' म्हण. पतीशी संबंध कसे आहेत? हे विचारतीलच. सांग, चांगले. एकूण चौदा प्रश्न आहेत. पाठ करू नकोस, पाठ केलेलं कळतं. आपल्या शब्दांत बोल, पण उत्तर तेच ठेव.

गाडीभाड्याची काळजी करू नकोस, संस्था देते. मी स्टँडवर न्यायला येईन.

इथे रोज संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांना फोन लावतात. व्हरांड्यात उभं राहायला जागा नसते. डॉक्टर त्यांच्या बायकोला भाजी काय केली तेसुद्धा विचारतात आणि वर मिनिटभर ऐकत राहतात. भाजीबद्दल मिनिटभर ऐकण्यासारखं काय असतं? मी मग जिन्यावर जाऊन बसतो. हात रिकामे असले की काय करायचं मला कळत नाही. काल जिन्याच्या दाराची खिळखिळी झालेली कडी बसवून टाकली.

मला तुझी आठवण येते. लिहून टाकतो, बोलायला गेलो की काहीतरी चेष्टाच करीन.


३० जानेवारी

अगं,

आज चेष्टा नाही. दोन दिवस लिहू की नको करत होतो.

सरावासाठी आम्हाला इथून तासाभरावरच्या एका आरोग्य केंद्रात नेलं होतं. दोन खोल्या, एक ओटा आणि एकच सिस्टर. चाळिशीची असेल, बारीक अंगाची, पायात पांढऱ्या सपाता. काम एवढंच होतं, की तिथला लसींचा फ्रीज बघायचा आणि काय सुधारता येईल ते तिच्याशी बोलून ठरवायचं.

मी आत पाऊल टाकल्याबरोबर पाहिलं. फ्रीज खिडकीशेजारी. दुपारचं ऊन सरळ पाठीवर. मागे वीतभरही जागा नाही, जाळीवर धूळ. हे पाहिल्यावर बोलायचं काय? हातच्या काकणाला आरसा कशाला. डॉक्टरांना हाताशी घेतलं, फ्रीज उचलला, समोरच्या सावलीच्या कोपऱ्यात नेला, भिंतीपासून हातभर पुढे ठेवला. जाळी पुसली, दाराचं रबर बाहेरूनच चाचपलं, प्लग लावला. अर्धा तासही लागला नाही. सिस्टरना म्हटलं, "आता बघा कसा चालतो. बरं झालं ना?" आणि मीच म्हटलं, "झालंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. फ्रीजच्या दारावरचा तापमापक चौदा दाखवत होता. चौदा म्हणजे सगळा साठा बाद. तीस वर्षांत माझ्या हातून एक कुपी वाया गेली नव्हती.

कारण अगदी साधं होतं. त्या कोपऱ्यातला प्लग दिव्यांच्या लाइनीवर आहे. संध्याकाळी सहाला केंद्र बंद करताना मुख्य बटण बंद करतात, की तो प्लगही बंद. खिडकीजवळचा तेवढा एक वेगळ्या लाइनीवर, चोवीस तास चालणारा. म्हणून तिनं फ्रीज तिथे ठेवला होता. दुपारी पाठीवर ऊन येतं म्हणून ती बाहेरून खिडकीला पोतं टांगायची. ते पोतं मी आदल्या दिवशी 'कसला हा पसारा' म्हणून काढून टाकलं होतं.

लसींचं काय, असं मी कसंबसं विचारलं. सिस्टरनी टेबलाखालून बर्फाची पेटी ओढली. सगळ्या कुप्या त्यात. तापमान चार.

म्हटलं, "हे कधी काढलंत?"

"काल तुम्ही यायच्या आधी."

"आधी? तुम्हाला काय माहीत मी काय करणार ते?"

तिनं पेटीचं झाकण नीट लावलं. या वेळी मी वाट पाहिली. मग ती म्हणाली, "साहेब, राग मानू नका. तुमच्यासारखं कुणी मोठं येणार असलं की मी आधी सगळं पेटीत काढून ठेवते. तुमचं काम होऊ देते. तुम्ही गेलात की परत होतं तसं लावते. दरवेळी असंच करते."

"अहो, पण मला सांगायचं ना, या प्लगचं असं आहे म्हणून."

"तुम्ही विचारलं कुठे?"

वागणुकीच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तेवढाही मिळाला नाही. मी आणि डॉक्टरांनी फ्रीज उचलून परत खिडकीपाशी नेला. पोतं मी स्वतः बांधलं.

येताना गाडीत तुझाच विचार करत होतो. तूही असंच काही काढून ठेवत होतीस का? मी आलो की पेटीत, मी कामाला गेलो की पुन्हा बाहेर?

(इथे मी उत्तर लिहिलं होतं. खोडलं.)

एक गोष्ट मला लख्ख आठवली. सहा वर्षं झाली असतील. आपल्या हॉस्पिटलच्या जिन्यात मोठ्या डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, "नव्या हॉस्पिटलची प्रयोगशाळा सांभाळाल का? प्रमुख म्हणून." तू पायरीवर थांबलीस. मी मागून येत होतो. मीच हसून म्हणालो, "छे हो, तिला कुठलं जमतंय, घर सोडून दुसऱ्या गावी." डॉक्टरही हसले. ती जागा दुसरीला मिळाली. तू त्यावर कधी चकार शब्द काढला नाहीस आणि मी समजलो, चला, तिलाही नकोच होतं. तीन वर्षांनी एका साध्या सकाळी तू बॅग घेऊन लेकीकडे गेलीस. भांडण नाही, तंटा नाही. मी लोकांना बाळंतपण सांगत राहिलो. खरं कारण हे होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझं चुकलं. वरातीमागून घोडं आहे हे कळतंय, तरी सांगतो, माझं चुकलं.

तो चौदा उत्तरांचा कागद फाडून टाक.

काल कचेरीत जाऊन माझा अर्ज परत मागितला. अधिकारी बाईंसमोर 'जोडीदाराची संमती' या पुढचं 'होय' खोडलं. त्या म्हणाल्या, रकाना रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी लिहा. मग मी लिहिलं, 'अजून विचारलेलं नाही.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

म्हणून आता विचारतो. मला तू सोबत हवी आहेस. घरासाठी नाही, प्रयोगशाळेसाठी नाही. दोन वर्षं तुझ्याशिवाय काढायचा विचार केला की हातातला पाना हातातच राहतो. घरी तीन वर्षं एकट्यानं काढली, पण तेव्हा तू एका बसच्या अंतरावर होतीस, आणि आज ना उद्या येशील असं मी धरून चाललो होतो.

तू येशील का?


७ फेब्रुवारी

अगं,

कार्ड मिळालं. 'मंगळवारी अकराला पोचते. न्यायला येऊ नका, मला पत्ता माहीत आहे. यादी फाडली. आधी वाचली, मग फाडली.'

चार वाक्यं. मी ती डॉक्टरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे वहिनी येणार तिकडे?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांना बाळंतपणाची खरी हकिगतही सांगून टाकली. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. या माणसाच्या गप्प बसण्याची आता मला सवय झाली आहे.

न्यायला येणार नाही. मुलाखतीच्या खोलीबाहेर एक बाक आहे, तिथे बसेन.

आज दाढीचं नवं पातं आणलं. मंगळवार अजून तीन दिवसांवर आहे.


१२ फेब्रुवारी

अगं,

परवा तू समोर होतीस, तरीही लिहितो आहे. बाईंनी शेवटच्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली. समोरच्यानं सांगितलेलं आपण परत त्याला सांगून बघायचं आणि विचारायचं, मी बरोबर ऐकलं का? तेव्हा जे ऐकलं ते लिहितो. चुकलं असेल तिथे खूण कर.

तू अकराला पाच कमी असताना आलीस. केस कापले आहेस, लेकीनं मला सांगितलं नव्हतं. पायऱ्या चढताना कठड्याला हात धरलास. मी उठलो. 'पाठ बरी आहे ना' हे ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "पाठ कशी आहे?" तू म्हणालीस, "डाव्या बाजूला धरते. चढताना जास्त." तीन वर्षं मी ती बरी धरून चाललो होतो.

अधिकारी बाईंनी दार उघडून तुला नावानं हाक मारली. तुझं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून, मोठ्यानं, कितीतरी वर्षांनी ऐकलं. चांगलं नाव आहे. तू आत गेलीस. पन्नास मिनिटं. आतून तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. इतका वेळ सलग बोलताना मी तुला ऐकलेलं नाही. एकदा तर तू हसलीस.

नंतर आपण आवारातल्या बाकावर चहा घेऊन बसलो. मी विचारलं, "काय सांगितलंस?" आणि मोजायला लागलो. वीस झाले. तू कपात बघत होतीस. मी परत एकपासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला चौदापर्यंत आलो होतो तेव्हा तू म्हणालीस, "नाही म्हणून सांगितलं."

हे मी बरोबर ऐकलं. याबद्दल शंका नाही.

मला काय वाटलं ते लिहितो. तू येशील असं मला वाटत होतं. एवढं सगळं खोडल्यावर, चूक कबूल केल्यावर, येशीलच, असं मी आतल्या आत परत ठरवून टाकलं होतं. म्हणजे ये रे माझ्या मागल्या. मी प्रयोगशाळेचं बोलायला लागलो. जिन्यातलं, मोठ्या डॉक्टरांचं, तुझी जागा माझ्यामुळे गेल्याचं. तू मला मध्येच थांबवलंस.

तू म्हणालीस, "अहो, ती प्रयोगशाळा काय घेऊन बसलात? ती जागा मी घेणारच नव्हते. त्या डॉक्टरांच्या हाताखाली कोण काम करील? मी नाहीच म्हणणार होते. मी कशावर रागावले, तेही तुम्हीच ठरवलंत."

या वेळी मोजलं नाही. आवारात एक बाई झाडाच्या कुंड्यांना पाणी घालत होती, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचली.

मग तू सांगितलंस. ते मी तुझ्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो. "माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्याचा दुसरा दिवस. दुपारी बाराला डॉक्टर फेरीला आले. त्यांनी मला विचारलं, दुखतंय का? मी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, नाही हो, ती सोशिक आहे, तिला काही होत नाही. डॉक्टर बरं म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. ते परत आले तेव्हा सहा वाजले होते."

एवढंच. तुझा आवाज चढला नव्हता. मी विचारलं, सिस्टरना का नाही हाक मारलीस. तू म्हणालीस, "मारली. त्यांनी कागद बघितला. कागदावर दुखत नाही असं लिहिलं होतं."

आणि मग, निघायच्या आधी: "लेकीकडे मला दिवसातून दहादा विचारतात, चहा हवा का. कधी हवा असतो, कधी नको असतो. जो असेल तो सांगते. मला सध्या तिथेच राहायचं आहे."

मी बरोबर ऐकलं का?

मला ती दुपार आठवत नाही. आठवायचा फार प्रयत्न केला. ऑपरेशन आठवतं, अकरा वर्षांपूर्वीचं. मी संत्री आणली होती. भेटायला आलेल्यांना व्हरांड्यात उभा राहून सांगत होतो, की ती एकदम ठणठणीत आहे, तिच्यासारखी खंबीर बाई बघितली नाही. मला तुझा अभिमान वाटत होता. बारा ते सहा मी तिथेच होतो, तुझ्या खाटेपासून हातभर अंतरावर. बहुतेक पेपर वाचत होतो.

येत्या रविवारी सकाळी निघतो. एकट्याची खाट मिळाली आहे. घर दुसऱ्या जोडप्याला दिलं. तिथला पत्ता पाकिटावर मागच्या बाजूला आहे. तिकडे टपाल पोचायला तीन आठवडे लागतात म्हणे. लागू देत.

माझ्याकडे लिहायला अजून पुष्कळ आहे, पण आज एवढंच विचारायचं आहे.

त्या दुपारी कुठे दुखत होतं? आणि किती?